सवतीची साक्ष

"तुमचं भूत दिवसाढवळ्या येतं, हे मला आवडलं," सिक्स्टेन रूस म्हणाला आणि त्याने टेपरेकॉर्डरचे झाकण उघडले.

अल्गोतला विनोद रुचला नाही. "भूत म्हणू नका, इंजिनिअरसाहेब. माझी बायको आहे ती."

"बायको मी आहे," चुलीवर कॉफी ठेवता ठेवता गुनवोर म्हणाली. "ती होती."

रूस स्टॉकहोमहून आला होता. मृतांचे आवाज फितीवर उमटतात असे म्हणणाऱ्यांकडे जाऊन त्या फिती तपासण्याचे जणू त्याने व्रतच घेतले होते. बहुतेक ठिकाणी त्याला एखाद्या परक्या रेडिओकेंद्राचे तुकडे सापडत, नाहीतर ऐकणाऱ्याची आस. येथे त्याला गुनवोरने बोलावले होते. आवाज खोटा किंवा जिवंत माणसाचा निघाला, तर अल्गोतने यंत्र कायमचे देऊन टाकावे, असे ठरले होते.

गुनवोरने त्या फिती कधी ऐकल्या नव्हत्या. दिवंगत हिल्लेवी आपल्या नवऱ्याशी काय बोलते, हे तिने विचारले नव्हते आणि त्यानेही सांगितले नव्हते. अल्गोत मुद्रणासाठी यंत्र घेऊन तळ्याच्या धक्क्याकडे निघाला, की ती रानफळांची बादली उचले, नाव सोडी आणि पैलतीरावरच्या रानात निघून जाई. लाकूड कापण्याच्या कारखान्यात आयुष्य गेल्याने अल्गोतचे कान मंदावले होते. परंतु हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून तो फीत ऐकत असताना त्याच्या मुद्रेवर जे उमटे, ते तिने एकदा खिडकीतून पाहिले होते. तिच्याकडे पाहताना ते कधीही उमटले नव्हते.

रूसने प्रथम यंत्र तळघरात लावून पाहिले. काही आले नाही. मग धक्क्यावर लावले आणि पतिपत्नींना शेजारी बसवून घेतले. तरीही काही आले नाही.

"ती हिच्यासमोर येत नाही," अल्गोत संकोचून म्हणाला.

"बघा! मेल्यावरसुद्धा माझं तोंड बघवत नाही तिला!" गुनवोर उसळली आणि गाईंची वेळ झाली म्हणून उठून गेली.

रानाच्या कडेला उभी राहून ती पत्र्याची बादली बडवू लागली. शेजारच्या कुंपणावरून तिरा म्हातारी हसली. "अगं, गाई बोलावतेस की गावात आग लागल्याची वर्दी देतेस?"

रूसला गंमत वाटली. तिराने त्याला समजावले, "ही दक्षिणेकडची हो. तिकडच्या बायकांना कुठली हाक घालता येतेय! आमची हिल्लेवी नुसता गळा सोडायची, आणि तीन टेकड्यांपलीकडची गाय मान वर करायची."

"मग हिनेही हिल्लेवीचीच हाक शिकावी," रूस म्हणाला.

तिराचे हसू मावळले. "असं बोलू नये, साहेब. जिची हाक तिची. दुसरीची कोणी उचलत नाही, आणि मेलेलीची तर नाहीच नाही. ती तिच्याबरोबर मातीत जाते."

अल्गोतने गंभीरपणे मान हलवली. गुनवोर गाई घेऊन गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी रूसने स्वतः आणलेली कोरी फीत चढवली. "बाई, आज तुम्ही नेहमीसारख्या निघून जा."

"जाते की! बोला म्हणावं खुशाल, मोकळेपणानं!" वल्ही पाण्यात आपटत गुनवोर निघून गेली. रूस अल्गोतच्या शेजारून हलला नाही; वारा आणि लाटांच्या आवाजात त्याच्या नुसत्या कानांना काहीच ऐकू आले नाही. सायंकाळी ती फीत त्याने आपल्याबरोबर नेली.

काही दिवसांनी तो परतला तेव्हा त्याच्या बोलण्यात थट्टा उरली नव्हती.

"ज्यांना या गावाचं नावही ठाऊक नाही, अशांना मी दोन फिती ऐकवल्या. एक मुद्दाम रिकामी ठेवलेली, तिच्यावर कोणालाच काही ऐकू आलं नाही. दुसरी इथल्या धक्क्यावर भरलेली, तिच्यावर प्रत्येकाने एक बाई ऐकली. फार दूरची. हा रेडिओ नव्हे. हा कंठ आहे."

अल्गोतने डोळे मिटले.

"पण कोणाचा?" रूस पुढे म्हणाला. "हिल्लेवीचं जुनं मुद्रण नाही. अल्गोत तर हो म्हणणारच, त्यांना ती हवी आहे. गुनवोरबाई, लग्नापूर्वी तुम्ही इथल्या डेअरीत होतात. तिला तुम्ही जिवंतपणी ऐकलं आहे, आणि तुम्हाला ती नको आहे. तुमच्याइतका चोख साक्षीदार मला मिळायचा नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर हे यंत्र आत्ताच माझ्या गाडीत जाईल."

गुनवोरने हेडफोन जवळजवळ हिसकावूनच घेतले. प्रेमाचे शब्द ऐकण्यासाठी तिने मन घट्ट केले होते. फितीवर शब्द नव्हतेच. पाण्यावरून एक उंच, प्रदीर्घ हाक येत होती, गाईंना घरी बोलावणारी. चाल हिल्लेवीची होती. अखेरीस ती किंचित चिरकली; हिल्लेवीची कधी चिरकत नसे.

गुनवोरचा हात आपोआप गळ्याशी गेला. "पुन्हा लावा," ती म्हणाली. तिने पुन्हा ऐकले.

"ऐकलंस ना?" अल्गोतने पुढे झुकून विचारले. "खरं सांग, एवढी सुंदर हाक कोणाला घालता येईल?" त्याच्या मुद्रेवर तेच तेज उमटले होते, आणि या वेळी तो तिच्याकडे पाहत होता.

"बाई," रूस म्हणाला, "आवाज कोणाचा?"

गुनवोरने हेडफोन हलकेच टेबलावर ठेवले.

"हिल्लेवीचा," ती म्हणाली.

रूसने विनम्रपणे टोपी काढली. यंत्र अल्गोतकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी अल्गोत ते घेऊन धक्क्यावर बसला. गुनवोरने नाव पैलतीराला लावली, झाडीच्या आडोशाला उभी राहिली, आणि त्याच्या मंद कानांच्या भरवशावर इतके दिवस चोरून घोटलेली ती हाक आज प्रथमच त्याच्या दिशेने तोंड करून घातली.