एकाला एवढं कमी

"दोन पंचमांश," ती म्हणाली.

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण चेहरा खुलला होता. शाळा सुटल्यावर ती थेट त्यांच्या खोलीत आली होती. जड दप्तर तिच्या पायाशी, पाटी त्यांच्या मांडीवर आणि पाटीवर कालचंच गणित: अर्धा अधिक एक तृतीयांश.

"अंशात अंश मिळवलास, छेदात छेद. हो की नाही?"

"हो."

"अगं ठोंबे, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान? अर्ध्या बादलीत वरून तांब्या ओतला तर पाणी खाली जातं?"

"नाही जात."

"मग डोकं काय शाळेत विसरून येतेस?"

ती हसली आणि दप्तरातून वही-पेन काढून लिहायला लागली.

"लाल पेन? ते मास्तरांचं. आण इकडे."

तिने पेन दिलं आणि पेन्सिल घेतली.

दादा दारात उभा होता, पण आत आला नाही. मागे एकदा त्याने चटकन उत्तर सांगून टाकलं, तेव्हा "झालं तर, मग माझं इथे काय काम?" म्हणून बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन दिवस घास खाल्ला नाही. तेव्हापासून गणिताच्या वेळी दादाला उंबऱ्यापर्यंतच मुभा होती.

बाबांनी कागदाची लांब पट्टी घेऊन सहा सारखी घरं पाडली. तीन घरांत लाल रेघा मारल्या. हा अर्धा. दोन घरांत ठिपके. हा एक तृतीयांश.

"पुरा एक झाला?"

"नाही."

"किती कमी पडलं?" त्यांनी उरलेलं कोरं घर फाडून तिच्या तळहातावर ठेवलं. "एकाला एवढं कमी. जपून ठेव. आता सांग उत्तर."

तिने पट्टीकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं.

"तीन षष्ठांश?"

बाबा खो खो हसले. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलून त्यांनी सावकाश संपवला.

"उद्या येईल तुला. मी आहे ना. आणि ते दोन पंचमांश आईला सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

सकाळी बाबा उठले नाहीत.

आठवड्याने दोघं भावंडं खोली आवरायला बसली. दादाने आईच्या तसबिरीवरची धूळ पुसली, तिच्यामागचा पत्र्याचा डबा उघडला. आत कागदाची कोरी घरं, काठोकाठ.

"दोन वर्षांची आहेत," ती म्हणाली.

दादाने मूठभर उचलली आणि परत सोडली. "तुझ्या सातवीच्या पोरांना कळलं असतं ना, की सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या त्यांच्या बाई रोज दुपारी इथे येऊन नापास होतात..."

पाटी खुर्चीत तशीच होती, तिच्यावर पाच घरांची पट्टी. तिने पदराच्या गाठीतून शेवटचं कोरं घर काढलं, फाटलेल्या कडेला लावून पाहिलं. तंतोतंत बसलं.

"पाच षष्ठांश, बाबा," ती म्हणाली.