सेवदाचं ओळखपत्र

बल्गेरियातल्या स्लिवेन शहरातल्या आमच्या रोमा वस्तीत, आमच्या घरात विमा फक्त मला होता, मोज्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे. ल्युपसचा आजार झाला धाकट्या बहिणीला, मितकाला. मग ती माझंच ओळखपत्र घेऊन उपचाराला जायची.

"ताई, तिथे 'सेवदा' म्हणून हाक मारली की मी लगेच ओ देते," ती हसून सांगायची. हसली की त्या आजाराने गालांवर उमटलेलं लाल चट्ट्यांचं फुलपाखरू पंख पसरायचं.

मार्चमध्ये तिची मूत्रपिंडं बंद पडली. मृत्यूचा दाखला मिळाला सेवदाच्या नावाने.

"तोंड उघडू नकोस, आत टाकतील," आई म्हणाली. दारावर चिकटवलेल्या निधनाच्या कागदावर मात्र तिने मितकाचंच नाव छापून घेतलं.

आज मी तेच ओळखपत्र इस्पितळाच्या खिडकीतून आत सरकवलं. बाईने संगणकात पाहिलं.

"ही सेवदा तर मार्चमध्येच वारली. तू कोण गं?"

"मितका," मी म्हणाले.

"मितकाला विमा नाही. चल, बाजूला हो."

मी डोक्यावरचा रुमाल पुन्हा गालांवर ओढून घेतला. फुलपाखरू आता माझ्याकडे आलं होतं.