जुनी डिस्क

“लोकायचं ठेवलेलं आधी सांभाळायचं, आपलं मंग,” सुचिताबाईंचे नवरे पुंजाजी म्हणायचे. कपाशीवर फवारताना विष भिनून ते गेले, तेव्हापासून घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधला त्यांच्या आवाजातला हरिपाठ ऐकल्याशिवाय सुचिताबाई पाणी घेत नसत. शेजारच्या गुलनारनंही पुंजाजींच्या शब्दावर आपल्या वारलेल्या लेकीच्या आवाजातली गाणी त्यातच ठेवली होती.

आता तो कॉम्प्युटर कटकट वाजत होता. धाड गावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जाकीरनं त्याला कान लावला. “काकू, कॉम्प्युटरचा डबा सेकंडहँड चालते, पण सगळं ज्यात राहते ती डिस्क मात्र नवी घ्या. अन् ही जुनी कव्हा दम सोडन, सांगता येत नाही. पह्यले काय काढू?”

ओठांवर आलेला हरिपाठ गिळून सुचिताबाई म्हणाल्या, “गुलनारच्या पोरीचं काढ, बापा.”

गाणी नव्या डिस्कवर उतरली. मग कटकट थांबली, आणि काही केल्या डिस्क पुन्हा फिरली नाही. जाकीरला मान वर करवेना.

“हरिपाठाचं गुलनारले सांगू नको,” नवी डिस्क पदराखाली धरत त्या म्हणाल्या. “तिले पोरीचं गाणं जड होईन.” आणि त्या हळूच गुलनारच्या घराकडे निघाल्या.