प्रतिस्पर्ध्याचं नाव

सकाळी स्क्रॅबलमध्ये अबेके आपल्याच गुरूंकडून नऊ गुणांनी हरली. दुपारी पुन्हा त्यांच्याशीच गाठ होती. जिंकणारा ओशुन राज्याच्या संघात जाणार होता. जेवणाच्या सुट्टीत चवळीचे वडे बाजूला सारून दोघं गुणांचा कागद तपासत बसली. "सर, बाराव्या चालीतला तुमचा शब्द खोटा होता ना?" "होता. आक्षेप का नाही घेतलास? शब्द बाद झाला असता." "तुम्हाला खोटं कसं पाडू?" "मग चूक बाराव्या चालीत नाही, पोरी. चूक इथे आहे." त्यांचं बोट कागदाच्या माथ्यावर होतं. प्रतिस्पर्ध्याच्या नावाच्या जागी तिने नुसतं 'सर' लिहिलं होतं. दुपारी तिने रिवाजाप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार केला आणि कोऱ्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं, नुसतं 'अकांबी'. सहाव्या चालीला त्यांनी सात अक्षरं ऐटीत मांडली. तिने घड्याळ थांबवलं. "आक्षेप." शब्दकोश उघडण्याआधीच सर आपली अक्षरं उचलू लागले.