बाहेर पडताना

"आई, आधी परवानगी मागा!"

सून ओरडेपर्यंत कुमुदिनीबाईंनी कॉम्प्युटरवरच्या खेळातलं आपलं शिकाऊ यान थेट अवकाशस्थानकात घुसवलं होतं. उभा जन्म विचारून विचारून उंबरा ओलांडण्यात गेला. निदान या ऑनलाइन अंतराळात तरी परवानगी कशाला?

*विनापरवाना प्रवेश. गोळीबार सुरू.*

पडदा लालेलाल झाला. आठवडाभर लघुग्रह फोडून जमवलेलं खनिज यानात होतं. यान फुटलं की सगळं गेलं.

"मेल्यांनो, मी काय चोर आहे?"

"मागे घ्या! आता परवानगीचं बटण दाबा!"

तोफा थांबल्या. हिरवा दिवा लागला. यान भिंतीला घासत अखेर जागेवर टेकलं.

"बाई गं! जमलं की! आणि बाहेर पडायला कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही."

"कुणालाच?"

"अहो आई, खनिज तरी उतरवा!" सून ओरडली, पण यान केव्हाच ताऱ्यांत सुटलं होतं.