परद्यातल्या बाईंनी बाजूला व्हावं

"आत म्हाताऱ्या बाई आहेत. ताबा घ्यायला थांबावं लागेल," भाईदास बेलीफ म्हणाला.

रतिलाल चिडला. "दोंडाईचाहून आलोय मी! कोर्टाच्या लिलावात घर घेतलं, पैसे भरले. आता या म्हातारीपायी ओट्यावर माशा मारत बसू?"

"कायदा शे, शेठ. परद्यातल्या बाईला आधी निघायला वेळ द्यायचा, मगच दाराला हात लावायचा."

दारात कुसुमलता घुंघट ओढून उभी होती. देवपुरातल्या या घराशिवाय तिला दुसरा आसरा नव्हता. लिलावाची दवंडी गल्लीत पिटलीच नव्हती. त्या मुद्द्यावर स्थगिती मिळाली होती आणि हुकूम घेऊन तिचा नवरा निर्मलकुमार उद्या सकाळी पोचणार होता. आजचा दिवस निभावला की घर वाचत होतं.

"सासूबाई परक्यासमोर येत नाहीत," ती म्हणाली. "त्यांचा जप चाललाय."

भाईदासने घसा साफ केला. "राजकुंवरबाई, बाजूला व्हा!"

आतल्या खोलीतून काठी वाजली. ठक, ठक. रतिलाल पुन्हा ओट्यावर बसला.

दुपारभर हेच चाललं. रतिलाल उठला की भाईदास हाक मारी आणि आतून काठी वाजे. काठी वाजली की कुसुमलता दचकायची, मग भाईदासकडे वळून मान लववायची. भाईदासला कसलीच घाई नव्हती. त्याने चहा मागवला, सावकाश पान जमवलं. दिवस बुडाला, तेव्हा अंधारात घरात शिरता येत नाही हेही त्याने शेठला ऐकवलं. रतिलाल पाय आपटत निघून गेला.

गल्ली रिकामी झाल्यावर भाईदास हळूच हसला.

"माले बठ्ठं माहीत शे, वहिनी, सगळं. पोळ्याच्या सुमाराला तुमच्या सासूबाईंना, राजकुंवरअक्कांना, मीच खांदा दिला. त्यांची काठी सरणावर ठेवली तीही मीच. पण आज तोंड उघडलं असतं तर तुमचं घर गेलं असतं. आता त्या काठी वाजवणाऱ्याला बाहेर बोलवा. बिचारा दमला असेल."

कुसुमलताने घुंघट मागे सारला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी नुसतं खोटं बोलले, भाऊ. घरात मी एकटीच आहे. मला वाटलं, बोळातल्या खिडकीशी तुम्हीच कोणाला तरी उभं केलंय."