हैबतरावांची पहिली शिफ्ट

प्रणिताने बेलवर बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं. तिसऱ्यांदा.

वरसे गावातली ती नवी बिल्डिंग, दुसरा मजला. गॅलरीतल्या दोरीवर कंपनीचा निळा शर्ट वाळत होता, खिशावर धाटावच्या कंपनीचा शिक्का. तो बघून प्रणिताला कळलं. म्हणजे गोष्टीतला तो काका शेजारचा नव्हताच. याच घरातला होता.

झालं होतं असं. हैबतराव हा मालिकेतला सरदार, आणि पेण-रोह्याच्या त्रेचाळीस मुलींचा त्याच्यावर जीव. त्यांचा ग्रुप होता, त्यावर एयू लिहायचे. एयू म्हणजे मालिकेतली माणसं उचलायची आणि भलत्याच जगात नेऊन सोडायची. कुणी हैबतरावाला कॉलेजात घातलं, कुणी पोलिसात भरती केलं. प्रणिताने त्याला लंडनला पायलट करून टाकलं! ग्रुपबाहेर फॉरवर्ड होत होत ते नऊशे जणांनी वाचलं. तेव्हापासून दर महिन्याच्या स्पर्धेची परीक्षक तीच. दहावीतल्या मुलीला हवेत जायला एवढं पुरतं.

या महिन्यात तिच्याकडे एक निनावी गोष्ट आली. हैबतराव धाटावच्या कंपनीत ऑपरेटर. पहिली शिफ्ट करून साडेतीनला घरी येतो. चहा मागतो, बशीत ओतून पितो. पंख्याचा रेग्युलेटर उघडून बसतो. मुलीला गणितात किती पडले विचारतो. बारा पानं. संपली गोष्ट.

मधल्या सुट्टीत प्रणिता बाकावर उभी राहिली आणि तिने ती मोठ्याने वाचली. आवाज काढून.

"अगं ए, चहात साखर टाकलीस का नाय?"

वर्ग हसून लोळला. मग ती आणखीच चढली. "मैत्रिणींनो, एयूचा नियम एकच! जग बदला, माणूस बदलू नका. हा कसला सरदार? हा तर शेजारचा काका! शून्य मार्क!"

मागच्या बाकावरच्या झोयाने अर्धा भरलेला डबा बंद केला. जूनमध्ये पेणच्या शाळेतून आलेली, मोजकंच बोलणारी मुलगी. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. त्या संध्याकाळी प्रणिताला अनोळखी नंबरवरून मेसेज आला, 'गोष्ट काढून टाक. मी परत लिहिणार नाही.'

वर्गातल्या वैशालीने नंबर बघितला. "अगो, हा झोयाच्या आईचा नंबर. शाळेच्या ग्रुपवर हाय ना!"

तेव्हापासून प्रणिताला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. जेवताना, अंघोळ करताना, कुठेही. "शेजारचा काका!" आणि कान तापायचे.

तिने बेल दाबली.

दार झोयाच्या आईने, जमिलाने उघडलं. अंगावर तसाच निळा शर्ट, पर्स खांद्याला, डबा हातात. "झोयाची मैतरीण काय? ये गो, आत ये. माझी दुसरी शिफ्ट हाय, बस निघंल. गॅसवर चहा हाय, दोघी घ्या." आणि ती जिना उतरलीसुद्धा.

दोघंही कंपनीत, प्रणिताच्या मनात आलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते. साडेतीनच्या आत बोलून निघायचं. त्या माणसासमोर उभं राहणं आपल्याला जमणार नाही.

झोया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सॉरी," प्रणिता म्हणाली. तीन दिवस जुळवलेलं सगळं भाषण त्या एका शब्दात संपलं.

"आवाज छान काढलास," झोया म्हणाली. "जवळजवळ तसाच. 'नाय' फक्त जरा लांबवतात ते."

"कोण?"

"अब्बा."

प्रणिताला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. "त्यांना... त्यांना कळलं काय हे?"

"नाय."

"मी सोमवारी परत वाचते. सगळ्यांसमोर. नीट, आवाज न काढता. पण तू लिहायचं बंद करू नको, प्लीज. माझ्यामुळं नको."

"तुला आवडली नाय ना पण?"

आता 'आवडली' म्हणणं किती सोपं होतं! पण बेल दाबण्यापूर्वी प्रणिताने ठरवलं होतं, आज खोटं बोलायचं नाही.

"खरं सांगू? तुझा माणूस एकदम खरा हाय. मीच येडी, मला सरदार पायजे होता. पण झोया, जगपण तू तेच ठेवलंस. चहा तोच, पंखा तोच, गणितपण तेच. एयूमध्ये काहीतरी बदलाय नको? माझ्यात बघ, विमान हाय, लंडन हाय, बर्फ पडतो..."

"तू लय बदलतेस. म्हणून तुझी वाचून कुणी रडत नाय."

एरवी प्रणिता यावर तासभर भांडली असती. आज तिने मान खाली घातली.

"मी एकच गोष्ट बदलली," झोया म्हणाली. "बाकी कायच हलवलं नाय. रेग्युलेटरचा स्क्रूपण नाय."

प्रणिताने मोबाइल काढला. गोष्ट तिने अजून पुसली नव्हती. चुकलेल्या गणितात चूक शोधावी तशी ती बाराच्या बारा पानं वाचत गेली. चपला दाराबाहेर काढणं. बशीतला चहा. चाळीसपैकी एकोणीस. "एकोणीस? वरचे एकवीस कुणाला दिलेस गो?" या वाक्याला वर्ग सगळ्यात जास्त हसला होता. तिला तिथे पुढे वाचवेना. तरी वाचलं, शेवटपर्यंत.

"नाय सापडत मला," ती म्हणाली. "सांग ना. कुठं बदललंस?"

झोयाने गॅस बंद केला. दोन कपांत चहा ओतला, एक तिच्यापुढे सरकवला.

"पहिल्याच ओळीत," ती म्हणाली. "गोष्टीत ते घरी येतात."